ग्रंथारंभाची अडचण

ग्रंथ लिहिण्याचा संकल्प करणारी माणसे आपल्याकडे थोडी नाहीत. ग्रंथ पुरा करणारीही, छापखान्यांच्या कृपेने, अगदीच थोडी नाहीत. परंतु या दोन वर्गांच्या मध्ये एक तिसरा वर्ग आहे आणि वाङ्मयाच्या इतिहासात त्याची नोंद कोठेच होत नाही. विषय निश्चित झाला आहे, टिपणांच्या वह्या भरल्या आहेत, स्नेह्यासोबत्यांत वार्ता पसरली आहे, ग्रंथाचे नावही ठरले आहे. नाही ते केवळ पहिले पान. असा मनुष्य वर्षांमागून वर्षे त्या पानाच्या उंबरठ्यावर उभा असतो आणि बहुधा तेथेच त्याचे आयुष्य संपते. टीकाकार लिहिलेल्या ग्रंथांची चिकित्सा करतात, व ते योग्यच आहे. तथापि न लिहिलेल्या ग्रंथांमुळे भाषेची जी हानी होते ती वाईट ग्रंथांमुळे होणाऱ्या हानीहून लहान नसते. म्हणून तिच्या कारणांचा विचार करणे हेही टीकेचेच काम होय, असे आम्ही समजतो.

ह्या अडचणीस आळस असे नाव देऊन मोकळे होण्याची पुष्कळांची रीत आहे. पण आळशी मनुष्य टिपणे काढीत नाही, ग्रंथालयाच्या पायऱ्या झिजवीत नाही, आणि एकाच संदर्भासाठी चार ठिकाणी पत्रे धाडीत नाही. उंबरठ्यावरचे हे ग्रंथकार बहुधा फार उद्योगी असतात. किंबहुना त्यांचा उद्योगच त्यांच्या आड येतो की काय, अशी शंका यावी इतके उद्योगी असतात. भीती म्हणावी तर तीही सर्वस्वी खरी नव्हे. जो प्राध्यापक शंभर विद्यार्थ्यांपुढे तासभर अस्खलित बोलतो, त्याच विषयावर कोऱ्या कागदापुढे बसताच त्याची वाणी गोठते. मग विषयाचे भय त्यास आहे असे कसे म्हणावे? कारण याहून खोल असले पाहिजे.

आपल्या प्राचीनांनी ग्रंथारंभाचा प्रश्न हसण्यावारी नेलेला नाही. आरंभी मंगल का करावयाचे, याचे शिष्टसंमत उत्तर असे की ग्रंथ निर्विघ्नपणे समाप्तीस जावा म्हणून. परंतु नैयायिक हे श्रद्धेच्या गोष्टीसही पुरावा मागणारे लोक. अन्नंभट्टाने आपल्याच तर्कसंग्रहावर जी दीपिका लिहिली, तिच्यात प्रारंभीच एक मार्मिक शंका घातली आहे. मंगल केले असूनही कादंबरी पुरी झाली नाही, आणि मंगल नसूनही किरणावली पुरी झाली. तेव्हा मंगल आणि समाप्ती यांत कार्यकारणभाव कसला? शंकेचे समाधान शंकेहूनही गमतीचे आहे. कादंबरीच्या बाबतीत विघ्ने इतकी बलवत्तर होती की केलेले मंगल त्यांस पुरे पडले नाही. आणि किरणावलीच्या बाबतीत मंगल झालेच होते, ते ग्रंथाच्या बाहेर झाले इतकेच. बाणभट्टाची कादंबरी त्याच्या मृत्यूने अपुरी राहिली व ती त्याच्या पुत्राने पुरी केली, हे सर्वश्रुत आहे. तेव्हा समाधानाचा पूर्वार्ध आपण निमूटपणे मान्य करू. पण उत्तरार्ध अधिक अर्थपूर्ण आहे. जे ग्रंथ सुरळीत सुरू होऊन सुरळीत संपले असे आपणांस दिसतात, त्यांचे खरे मंगल पुस्तकाच्या बाहेर कोठे तरी होऊन गेलेले असते. ते कोणते, हाच आमच्यापुढील प्रश्न आहे.

त्याचे एक उत्तर शास्त्रकारांनीच देऊन ठेवले आहे. ग्रंथारंभी चार गोष्टी निश्चित असल्या पाहिजेत: विषय कोणता, प्रयोजन कोणते, त्या दोहोंचा ग्रंथाशी संबंध काय, आणि अधिकारी कोण, म्हणजे ग्रंथ कोणासाठी. यास ते अनुबंधचतुष्टय म्हणतात. आमच्या पिढीने ही परिभाषा पाठशाळेतील जुनाट वस्तू म्हणून बाजूस सारली आणि तिच्या जागी काही नवे आणले नाही. परिणाम असा की आजचा ग्रंथेच्छू मनुष्य चारांपैकी एकाच गोष्टीचा, म्हणजे विषयाचा, निश्चय करतो आणि तेवढ्यावर लेखणी उचलू पाहतो. विषय तर त्याच्यापाशी भरपूर असतो. पण तो कोणास सांगावयाचा हे ठरलेले नसल्यामुळे वाक्याची पहिली मात्राही त्यास सापडत नाही. वाक्य हे शेवटी कोणास तरी उद्देशून बोललेले असते. ऐकणारा नाहीसा केला की व्याकरण उरते, बोलणे उरत नाही.

जुन्या मराठी ग्रंथकारांस ही पंचाईत नव्हती. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये नेवाशास गीतेचे विवरण मांडले, तेव्हा श्रोते समोर होते. ज्ञानेश्वरीत ते ठिकठिकाणी डोकावतात, प्रसंगी पाल्हाळ पुरे करून विषयाकडे वळण्याची सूचनाही देतात. तेथील गणेशवंदनसुद्धा निव्वळ संकेतपालन नव्हे. स्मृती हे त्या गणेशाचे अवयव, पुराणे हे अलंकार, षड्दर्शने हे हात. अशा रूपकाने कवी आपल्या ग्रंथाचे समग्र विद्येशी असलेले नाते प्रथमच सांगून टाकतो. समर्थांनी तर दासबोधाच्या पहिल्या समासास ग्रंथारंभलक्षण असेच नाव दिले आणि त्याचा प्रारंभ श्रोत्यांच्या प्रश्नाने केला: हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितले आहे, आणि ऐकून लाभ काय? विषय आणि प्रयोजन ही पहिल्याच श्वासात उलगडली. त्यानंतर गणेश, शारदा, सद्गुरू व संत यांच्या स्तवनांबरोबर श्रोत्यांचे, कवीश्वरांचे आणि सभेचेही स्तवन येते. आधुनिक वाचक ही पाने भरभर उलटतो. पण जो कोणी स्वतः एखादे पुस्तक सुरू करण्याच्या खटपटीत असेल त्याने ती सावकाश वाचावी. माणसे जमवून, त्यांस बसवून, त्यांच्याशी नाते जोडून मगच बोलावयास लागणाऱ्या मनुष्याची ती पूर्वतयारी आहे.

आता आमच्या पेशातील मनुष्याची स्थिती पहा. त्याचे उच्च शिक्षण इंग्रजीतून झालेले, विषयाची परिभाषा इंग्रजी, ज्या विद्वानांच्या मताची त्यास मातब्बरी वाटते ते इंग्रजीतून लिहिणारे. आणि पुस्तक मात्र मराठीत लिहावयाचे. तो लिहावयास बसला म्हणजे त्याच्या खांद्यामागे दोन माणसे उभी राहतात. एक म्हणजे परदेशच्या विद्यापीठातील तो पंडित, जो हे पुस्तक कधीच वाचणार नाही, परंतु अमुक प्रबंध तुम्ही पाहिला नाही काय असे विचारण्याची ज्याची धास्ती कायम असते. दुसरा म्हणजे तालुक्याच्या गावचा एखादा शिक्षक किंवा कारकून, ज्यास जिज्ञासा पुष्कळ पण पूर्वपरिचय काहीच नाही, आणि जो हे पुस्तक खरोखर वाचणार आहे. पहिल्यासाठी लिहिलेले वाक्य दुसऱ्यास कळत नाही. दुसऱ्यासाठी लिहिलेले वाक्य पहिल्याच्या दृष्टीने पोरकट ठरेल असे वाटते. लेखणी दोघांच्या मध्ये अडकते. ही आमच्या मते मराठीतील ग्रंथारंभाची मुख्य अडचण आहे, आणि ती वाचनाने कमी होत नाही. उलट प्रत्येक नवे पुस्तक वाचल्याबरोबर त्या पहिल्या गृहस्थाची उंची बोटभर वाढते.

या अडचणीचे चिन्ह, जे ग्रंथ कसेबसे सुरू होतात त्यांच्या पहिल्या प्रकरणावर स्पष्ट उमटलेले असते. एक ठरीव साचाच होऊन गेला आहे. प्रथम प्रस्तावनेत लेखक आपल्या अल्पमतीची ग्वाही देतो. नंतर ‘विषयप्रवेश’ या मथळ्याखाली शास्त्राची, कलेची किंवा समाजाची व्याख्या करावयास घेतो. पाच पाश्चात्त्य पंडितांच्या पाच व्याख्या देतो. त्यांतील प्रत्येक अपुरी कशी हे दाखवितो. आणि शेवटी सहावी, स्वतःची, अशी देतो की पुढील तीनशे पानांत तिचा पुन्हा उल्लेखही होत नाही. हे प्रकरण वाचकासाठी लिहिलेलेच नसते. त्या अदृश्य पंडितास दिलेला तो जबाब असतो. विनय आम्हांस वर्ज्य नाही. रघुवंशाच्या आरंभी कालिदासानेही आपल्या सामर्थ्याविषयी संकोच दाखविला आहे. पण तो काही श्लोकांत आटोपून तो मनूवर आणि दिलीपावर येतो. त्याच्या विनयास दार उघडणे माहीत आहे. आमचा विनय दारातच ठाण मांडून बसतो. लांबीचाही आम्हांस विरोध नाही. डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाचे पहिले पाच खंड प्रस्तावनाखंड म्हणूनच निघाले. परंतु त्या प्रस्तावनेस स्वतःचे असे सांगावयाचे होते. प्रश्न पानांचा नसून कोणाकडे तोंड करून बोलावयाचे याचा आहे.

मग ग्रंथारंभास अवश्य अशी तयारी कोणती? ब्रह्मसूत्रांतील पहिल्याच ‘अथ’ या शब्दावर शंकराचार्यांनी जो ऊहापोह केला आहे तो या ठिकाणी आठवतो. ‘अथ’ म्हणजे आरंभ नव्हे, तर ‘त्यानंतर’, असे आचार्य म्हणतात. आणि लगेच कशानंतर, हा प्रश्न उपस्थित करतात. धर्माचा, कर्मकांडाचा समग्र विचार आटोपल्यानंतरच, असे उत्तर ते नाकारतात. जे पाहिजे ते निराळेच: प्रथम नित्य व अनित्य यांचा विवेक, मग वैराग्य, आणि मग बाकीची साधने. मोक्षशास्त्रातील विचार ग्रंथलेखनाच्या लौकिक कामास लावल्याबद्दल वेदान्ती आम्हांस क्षमा करतील अशी आशा आहे. पण साम्य मोठे मनोरंजक आहे. पहिले वाक्य सर्व वाचन संपल्यानंतर येते, ही आमच्या विद्वानांची समजूत. आणि ती खरी असती तर पहिले वाक्य कोणासच लिहिता आले नसते, कारण वाचन कधी संपत नसते. पहिले वाक्य येते ते विवेकानंतर, म्हणजे या ग्रंथात काय असावयाचे व काय नसावयाचे हे ठरल्यानंतर. आणि वैराग्यानंतर, म्हणजे जे नसावयाचे ते कितीही कष्टाने मिळविलेले असले तरी सोडून देण्याची मनाची तयारी झाल्यानंतर. संग्रह हा या दोहोंचा पर्याय नव्हे. पुष्कळदा तो त्यांचा शत्रू असतो.

हा विवेक लेखणी हातात घेण्यापूर्वी पुरा होतो, असे मात्र कोणी समजू नये. गिबनचा अनुभव याविषयी बोलका आहे. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाची कथा सांगण्याची कल्पना आपणांस रोम शहरी, १५ ऑक्टोबर १७६४ रोजी सुचली, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. ग्रंथाचा पहिला खंड निघाला तो १७७६ मध्ये. मधल्या बारा वर्षांचे वर्णन त्याने लपवाछपवी न करता केले आहे. आरंभी ग्रंथाचे नाव, ऱ्हासाचा खरा काळ, उपोद्घाताची मर्यादा, प्रकरणांची वाटणी, सारेच अंधुक होते; कित्येक वर्षांचे श्रम टाकून द्यावे असेही मनात येई. शुष्क बखर आणि फुगीर वक्तृत्व यांच्या मधला सूर सापडेपर्यंत त्याने पहिले प्रकरण तीनदा लिहिले, दुसरे व तिसरे दोनदा. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट ही की तो सूर त्यास चिंतनाने सापडला नाही. दोन प्रकरणे वाया घालविल्यावर सापडला. सूर हा लिहिता लिहिताच लागतो, गवयाचा गाता गाता लागतो तसा. आणि गंमत अशी की सर्व खंड प्रसिद्ध झाल्यावरही आपण कथेचा आरंभ चुकीच्या ठिकाणी केला, तो अधिक मागे न्यावयास हवा होता, असे त्यास वाटू लागले. स्वतःच्या प्रतीच्या समासात तशी टीप लिहून, आता पश्चात्तापाचा उपयोग नाही, असेही त्याने म्हटले आहे. तात्पर्य, निर्दोष आरंभ गिबनलाही साधला नाही. तो साधेपर्यंत तो थांबला असता तर जगास तो ग्रंथ मिळाला नसता.

आपल्याकडे याच प्रश्नाची दोन उत्तरे दोन इतिहासकारांनी आपल्या आयुष्यानेच दिली, आणि योगायोग असा की दोघांच्याही कार्याची सुरुवात १८९८ या एकाच साली झाली. त्या वर्षी विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड बाहेर काढला, आणि त्याच वर्षी गोविंद सखाराम सरदेसायांची ‘मुसलमानी रियासत’ प्रसिद्ध झाली. राजवाड्यांची भूमिका अशी की अस्सल कागद हाती आल्यावाचून इतिहास लिहिणे म्हणजे वाळूवर वाडा बांधणे होय. म्हणून ते गावोगाव पायपीट करीत, जुन्या घराण्यांचे दप्तर हुडकीत फिरले. साधनांचे बावीस खंड त्यांनी सिद्ध केले. आणि कित्येक खंडांस अशा प्रस्तावना जोडल्या की त्यांतील एकेक म्हणजे एका ग्रंथाचे बीज. परंतु मराठ्यांचा सलग इतिहास त्यांच्या हातून लिहिला गेला नाही. १९२६ च्या अखेरीस ते वारले तेव्हा महाराष्ट्राच्या हाती साधने होती, प्रस्तावना होत्या, आणि जो ग्रंथ लिहिण्याचा अधिकार त्यांच्याइतका कोणाचाच नव्हता तो ग्रंथ नव्हता.

सरदेसाई अगदी उलट मार्गाने गेले. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत असताना राजपुत्रांस शिकविण्याचे काम त्यांजकडे आले, आणि त्या अध्यापनासाठी केलेल्या टिपणांतून रियासतीचा उगम झाला. ऐकणारे समोर होते, त्यांस काय कळते व काय कळत नाही हे ठाऊक होते; उपलब्ध साधने अपुरी होती हेही ठाऊक होते. तरी त्यांनी लिहावयास प्रारंभ केला. १९०२ पासून मराठी रियासतीचे भाग निघू लागले. पुढे, १९३० ते १९३४ या काळात, पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग त्यांनीच संपादन केले. म्हणजे इतिहास आधी लिहिला आणि साधने नंतर छापली. त्या नव्या साधनांच्या प्रकाशात जुने लेखन पुन्हा तपासले, आणि वयाच्या ऐंशीच्या घरात, १९४६ ते १९४८ मध्ये, मराठ्यांचा नवा इतिहास तीन खंडांत इंग्रजीत लिहून काढला.

या दोघांत थोर कोण, असला शाळकरी प्रश्न आम्ही विचारीत नाही. संशोधक या नात्याने राजवाड्यांची प्रतिभा अलौकिक होती, आणि त्यांनी फोडलेल्या वाटेवरूनच पुढील सर्व अभ्यासक गेले. सरदेसायांच्या प्रारंभीच्या भागांत दोष होते हेही उघड आहे. आमचा मुद्दा निराळा आहे. दोष असलेल्या लेखनाची दुरुस्ती होऊ शकते, आणि तशी ती झाली. जे लिहिलेच गेले नाही त्याची दुरुस्ती कोण करणार? राजवाड्यांच्या मनात मराठ्यांच्या इतिहासाची जी समग्र आकृती असेल, तिचे कवडसे प्रस्तावनांतून दिसतात. आकृती त्यांच्याबरोबरच गेली. कागद दुसऱ्या कोणास सापडले असते. ती आकृती दुसऱ्या कोणास सापडणार नाही.

राजवाड्यांस निदान एक समाधान होते. त्यांनी जे जमविले ते जगाच्या स्वाधीन केले. ज्याने तेही केले नाही अशा विद्वानाचे उदाहरण इंग्लंडात आहे. लॉर्ड अ‍ॅक्टन (१८३४ ते १९०२) हा केंब्रिजचा इतिहासाचा राजनियुक्त प्राध्यापक. स्वातंत्र्याचा इतिहास लिहावयाचा हा त्याचा आयुष्याचा संकल्प. त्यासाठी त्याने सुमारे साठ हजार पुस्तकांचा संग्रह केला आणि टिपणांच्या राशी रचल्या. काही व्याख्याने व निबंध सोडले तर त्या संकल्पातून ग्रंथ निर्माण झाला नाही. त्याच्या मृत्यूनंतर पुस्तके केंब्रिजच्या विद्यापीठास मिळाली. टिपणेही तेथे जपून ठेवलेली आहेत. पण टिपण हे ज्याचे त्यासच वाचता येते. जे दोन उतारे त्याने शेजारी शेजारी लिहून ठेवले, त्यांच्या मधली जागा ज्या विचाराने भरावयाची होती तो विचार कागदावर नाही. संग्रहाने मनुष्य विद्वान होतो. त्याची विद्या दुसऱ्याच्या कामी येण्यास वाक्य लागते.

येथे कोणी म्हणेल की हा सर्व उपदेश मराठीत अनाठायी आहे. आपल्याकडे रोग आरंभ न होण्याचा नसून अपुऱ्या तयारीने भलभलते आरंभ होण्याचा आहे. आक्षेप खोटा नाही. उथळ पुस्तकांचा सुकाळ आम्हांसही दिसतो. पण त्याचे कारण काय? ज्यांनी लिहावयास पाहिजे ते उंबरठ्यावर उभे राहिले म्हणजे ज्यांनी लिहू नये त्यांस अंगण मोकळे सापडते. उतावळेपणा आणि अतिसावधपणा ही एकमेकांची औषधे नव्हेत. एकाच दुखण्याच्या त्या दोन बाजू आहेत, आणि ते दुखणे म्हणजे आरंभापूर्वी जे ठरवावयाचे ते न ठरविणे.

दीर्घ तयारी आणि तत्पर आरंभ यांचे वैर नाही, हे लोकमान्यांच्या गीतारहस्यावरून दिसेल. १८७२ मध्ये, सोळाव्या वर्षी, आजारी वडिलांस गीतेवरील मराठी विवरण वाचून दाखविताना गीतेशी आपला परिचय झाला, असे त्यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे. ग्रंथाचा पहिला खर्डा झाला तो मंडालेच्या तुरुंगात, १९१०–११ च्या हिवाळ्यात. मध्ये अडतीस वर्षे गेली. परंतु प्रत्यक्ष लेखनास काही महिनेच लागले, आणि तेही शिसपेन्सिलीने. याचा अर्थ कोणी असा करतात की तुरुंगातील एकान्ताने ग्रंथ झाला. आम्हांस ते अर्धेच खरे वाटते. एकान्त पुष्कळांस मिळतो. टिळकांपाशी एकान्ताबरोबर निश्चित असा पूर्वपक्ष होता: गीतेचे तात्पर्य संन्यासपर लावणारे टीकाकार एका बाजूस, आणि कर्मयोग सांगणारे आपण दुसऱ्या बाजूस. त्यांच्याही पहिल्या प्रकरणाचे नाव ‘विषयप्रवेश’ असेच आहे. पण तेथे पाच व्याख्यांचे संमेलन नाही, वाद आहे. ज्यास कोणाचे तरी म्हणणे खोडावयाचे आहे त्यास पहिले वाक्य शोधावे लागत नाही. ते समोरच्याने अगोदरच बोलून ठेवलेले असते. आपण उत्तर द्यावयाचे असते. त्याच प्रकरणात टिळकांनी ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्याच्या मीमांसकांच्या कसोट्या सांगितल्या आहेत. त्यांत उपक्रम व उपसंहार, म्हणजे आरंभ व शेवट, यांचा मेळ ही पहिली कसोटी. ग्रंथकाराने तिचा अर्थ असा घ्यावा की शेवट कळल्यावाचून खरा आरंभ लिहिता येत नाही. म्हणून आज लिहिलेले पहिले पान हे कामचलाऊ आहे हे मनाशी मान्य करून ते बेलाशक लिहावे, आणि ग्रंथ पुरा झाल्यावर ते फाडून नवे लिहावे. शिडी माडीवर जाण्यासाठी असते; ती कोरीव नाही म्हणून खाली बसून राहणारा मनुष्य शहाणा नव्हे. पेन्सिलीचे लिखाण खोडता येई तरी खूण राही. आज संगणकाच्या पडद्यावर पहिले वाक्य शंभरदा पुसले तरी मागमूस राहत नाही, आणि ही सोय कित्येकांच्या मुळावर आली आहे.

ज्यांस टिळकांसारखा प्रतिपक्ष नाही त्यांनी निदान मुदत पतकरावी. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये निबंधमाला सुरू केली आणि बत्तीस वर्षांच्या उण्यापुऱ्या आयुष्यात तिचे ८४ अंक काढले. त्यांतील जवळजवळ सर्व मजकूर त्यांच्या एकट्याच्या लेखणीचा. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या करमणूक पत्रातून आठवड्या-आठवड्याने बाहेर पडल्या. नियतकालिकाच्या अंकास परिपूर्ण आरंभाची वाट पाहता येत नाही, आणि अंकाचा वाचक हा कल्पनेतील पंडित नसून वर्गणी भरणारा मनुष्य असतो. अधिकारी कोण, हा प्रश्न त्यामुळे आपोआप सुटतो. मासिकांनी मराठी गद्यावर जे उपकार केले त्यांत हा उपकार आम्ही सर्वांत मोठा समजतो.

आणि ज्यास यांपैकी काहीच साधत नाही, त्यास वर्ड्‌स्वर्थची वाट मोकळी आहे. १७९८ च्या सुमारास त्याने मानव, निसर्ग व समाज यांविषयीच्या एका महाकाव्याचा बेत केला. आरंभ होईना. तेव्हा आपण या कार्यास योग्य आहो की नाही हे पाहण्यासाठी तो स्वतःच्या बालपणाकडे वळला, आणि ‘प्रिल्यूड’ हे काव्य जन्मास आले. त्याच्या पहिल्या सर्गातच कोणकोणते विषय मनात आले आणि हातून निसटले याची यादी आहे. १८०५ पर्यंत तेरा सर्ग झाले. पुढे कित्येक वर्षे तो त्यांवर हात फिरवीत राहिला, आणि १८५० मध्ये त्याच्या मृत्यूनंतर काव्य छापले गेले. योजिलेले महाकाव्य कधीच पुरे झाले नाही. ज्यास तो प्रस्तावना समजत होता तीच त्याची सर्वश्रेष्ठ कृती ठरली. आरंभ का होत नाही हे प्रामाणिकपणे लिहिणे हाही एक आरंभ असतो; मात्र त्यासाठी ते लिहावे लागते, नुसते बोलून भागत नाही.

आमच्या महाविद्यालयांतून दरवर्षी काही विद्वान सेवानिवृत्त होतात. निरोपसमारंभात त्यांच्या व्यासंगाची स्तुती होते, आणि आता सवड मिळाल्यामुळे संकल्पित ग्रंथ हातावेगळा होईल अशी आशा प्रत्येक वक्ता प्रकट करतो. वक्त्यांस ते खरे वाटत नसते. सवड मिळते, टिपणांत आणखी भर पडते, आणि काही वर्षांनी त्या वह्या रद्दीच्या भावाने जातात. त्यांत जे ज्ञान असते ते इंग्रजी वाचणाऱ्यास दुसरीकडे मिळेल. पण तालुक्याच्या गावच्या त्या शिक्षकास ते आपल्या भाषेत याच एका मनुष्याकडून मिळावयाचे होते, आणि तो वाट पाहत होता हे या मनुष्यास अखेरपर्यंत कळलेच नाही. म्हणून आमची सूचना एवढीच आहे. पुढचे पुस्तक वाचावयास घेण्यापूर्वी एका कागदावर त्या वाचकास एक पत्र लिहावे: मी तुम्हांस अमुक सांगणार आहे, अमुक सांगणार नाही, आणि ते तुमच्या अमुक उपयोगाचे आहे. हे पत्र लिहिता आले तर अनुबंधचतुष्टय सिद्ध झाले. ग्रंथाचा आरंभ झालाच म्हणून समजावे. न आले, तर अडचण पहिल्या पानाची नव्हती, हे तरी निश्चित कळेल.